भिगवणला पक्षी बघायला जाताय? नेहमी येणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून येतो, "फ्लेमिंगो आले का?" मग जानेवारीत "या रविवारी जाऊ का" आणि मार्चमध्ये "अजून आहेत ना?" पुण्यातल्या आमच्या ग्रुपसोबत गेली बरीच वर्षं मी भिगवणच्या आणि जवळपासच्या पाणथळींच्या चकरा मारतोय, तर म्हटलं तेच तेच टाइप करण्यापेक्षा सगळं एकदा लिहून ठेवावं. उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे तसं सांगितलंय.

भिगवण पक्षी अभयारण्य नक्की कुठे आहे? तिकीट किती?

तिकीट नाही, कारण गेटच नाही. भिगवणला लोक सर्रास अभयारण्य म्हणतात, मॅपवरही तसंच दिसतं, पण नांदूर मध्यमेश्वरसारखं हे घोषित अभयारण्य नाहीये. हे उजनी धरणाचं बॅकवॉटर आहे. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, धरणाची भिंत तिकडे सोलापूर जिल्ह्यात आहे आणि फुगलेलं पाणी मागे थेट पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणपर्यंत येतं. पक्षी बघायला जातात ते मुख्यतः कुंभारगाव आणि डिकसळला, भिगवण गावात नाही. म्हणजे मॅपवर "भिगवण" टाकून निघालात तर बाजारपेठेत पोचाल आणि तिथे तुम्हाला फक्त पारवे दिसतील. कुंभारगाव टाका.

अभयारण्य नसलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सगळीकडे लागू असतो, त्यामुळे "गेट नाही म्हणजे काहीही चालतं" असं नाही.

फ्लेमिंगो बघायला बेस्ट महिना कुठला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर महिन्यात नाहीये, उजनीच्या टक्क्यात आहे. फ्लेमिंगोला उभं राहून खायला उथळ पाणी आणि खाली चिखल लागतो. वाकड्या चोचीचं डोकं उलटं करून तो चिखलपाणी गाळतो आणि त्यातलं शेवाळ, बारीक किडे, झिंग्यासारखे जीव खातो. आता पावसाळ्यानंतर उजनी शंभर टक्के भरलेलं असतं, पाणी पार शेताच्या बांधाला लागलेलं, मग हा बिचारा उभा कुठे राहणार? जसजसं पाणी कालव्यांना आणि खाली नदीत सुटत जातं तसतसे काठ उघडे पडतात, चिखलाचे पट्टे वर येतात, आणि मग थवे दिसायला लागतात. साधारण जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत चांगले दिसतात, फेब्रुवारी-मार्च हमखास. पण पाऊस कमी झालेल्या वर्षी सगळं गणित आधी सरकतं, आणि पाऊस दणकून झालेल्या वर्षी फेब्रुवारी उजाडला तरी पाणी खाली गेलेलं नसतं.

म्हणून मी काय करतो, तर रोजच्या पेपरातला किंवा बातम्यांतला उजनीचा आकडा बघतो. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा (तळाचं, वापरात न धरलेलं पाणी), म्हणूनच "उजनी मायनसमध्ये गेलं" अशा बातम्या येतात. मायनस म्हणजे धरण कोरडं नव्हे, फक्त वापरायचा साठा संपला. २०२४ च्या उन्हाळ्यात तर ते मायनस ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. सोलापूरकरांना ही बातमी म्हणजे पोटात गोळा, आणि पुण्यातले आम्ही पक्षीवाले मात्र "वा, चिखल उघडा पडला" म्हणत बॅगा भरतो, हे थोडं लाजिरवाणंच आहे पण आहे हे असं आहे.

फक्त बदकं, हंस, शिकारी पक्षी बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीत या, थंडीही मस्त असते.

पावसाळ्यात आलं तर?

पक्ष्यांसाठी नका येऊ. जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं की तेच मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, काठ बुडतात आणि स्थलांतरित पक्षी तर तेव्हा नसतातच.

पुण्यातून कसं जायचं आणि किती वाजता निघायचं?

सोलापूर रोड धरायचा. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण. साधारण शंभर किलोमीटर. पहाटे साडेचारला निघालात तर दोन-सव्वादोन तासांत आरामात पोचता, हडपसर उजाडायच्या आत पार करणं हाच काय तो खरा प्रश्न. सहाला निघू, वाटेत मिसळ खाऊ, मग जाऊ असा प्लॅन असेल तर सरळ मिसळ ट्रिप म्हणा, कारण मग बोटीत बसेपर्यंत दहा वाजतात, तोपर्यंत वारं सुटलेलं असतं, पाण्यावर लाटा असतात, ऊन डोक्यावर असतं आणि फोटोत सगळे पक्षी पांढरे फटक येतात. मिसळ परतताना खा.

सकाळ जमतच नसेल तर दुपारी तीन-साडेतीननंतरचा स्लॉट बघा, उन्हं कलली की प्रकाश छान मिळतो.

गाडी नाहीये, एसटी किंवा ट्रेनने जमेल का?

जमतं. भिगवण हे पुणे-दौंड-सोलापूर लाइनवरचं स्टेशन आहे आणि स्वारगेटहून इंदापूर-सोलापूरकडे जाणाऱ्या एसट्याही भिगवणला थांबतात. पुढे कुंभारगावपर्यंत रिक्षा किंवा बोटवाल्यालाच फोन करून सोय विचारायची. पण पहाटे पोचायचं असेल तर आदल्या दिवशी जाऊन गावातल्या होमस्टेमध्ये मुक्काम करणं सगळ्यात शहाणपणाचं.

बोट आधी बुक करावी लागते का?

शनिवार-रविवार असेल तर हो. आठवड्यात मधल्या वारी गेलात तर तिथे जाऊनही मिळते. दर दरवर्षी बदलतात म्हणून मी आकडा लिहीत नाही, पण फोनवरच दोन गोष्टी विचारून घ्या: पैसे बोटीमागे की माणशी, आणि किती तासांचे. भांडणं होतात ती नेहमी या दोनवरूनच होतात.

बोटवाले बहुतेक सगळे तिथलेच मच्छीमार आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची नजर आपल्या महागड्या दुर्बिणीपेक्षा तेज आहे. एकदा आमच्या बोटीवरचे काका लांबवर बोट दाखवून म्हणाले, "त्या खुंटावर बसलंय बघा." आम्ही चौघं दुर्बीण लावून पाच मिनिटं शोधतोय, आणि खरंच बुडालेल्या बाभळीच्या वाळक्या खुंटावर ऑस्प्रे (मासे मारणारा शिकारी पक्षी) बसलेला, पंजात चिलापी मासा. त्यामुळे बोटवाल्याला नुसतं "फ्लेमिंगो दाखवा" म्हणू नका, "काय काय आहे ते दाखवा" म्हणा, सकाळ वेगळी जाते.

मला पोहता येत नाही, बोट सेफ आहे का?

लाइफ जॅकेट असेल तरच बसा, आणि ते अंगात घाला, सीटवर टाकून त्यावर बसू नका (हे मी दर ट्रिपला बघतो). बॅकवॉटर शांत दिसतं पण ते मैलोन् मैल पसरलेलं पाणी आहे. २१ मे २०२४ ला याच उजनीत कळाशी-कुगाव दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. ती पक्षी बघायची बोट नव्हती, पण पाणी तेच आणि वाराही तोच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून आले तर बोटवाला नको म्हणेल, तेव्हा "अहो इतक्या लांबून आलोय" असं म्हणून त्याला गळ घालू नका. बोटीत फोटोसाठी एका बाजूला सगळ्यांनी उभं राहायचं नाही, हेही आलंच.

बोटवाल्याला सांगून थवा उडवता येतो का? उडताना पंख लाल दिसतात म्हणे.

दिसतात, आणि फार भारी दिसतात. बसलेला फ्लेमिंगो लांबून पांढरा वाटतो आणि उडाला की पंखातला लालकाळा रंग एकदम उघडतो, म्हणूनच त्याला अग्निपंख म्हणतात. रोहित हेही त्याचंच नाव. पण उडवायचा नाही. प्लीज.

कारण सांगतो. दोन ते चार किलोचं हे धूड, हवेत उठायला त्याला पाण्यावरून धावत जाऊन वेग घ्यावा लागतो, त्यात बरीच शक्ती जाते. एका रविवारी समजा वीस बोटी आल्या आणि प्रत्येकीने एकदा उडवला, तर त्या थव्याने दिवसभर खायचं कधी? आपल्याला दहा सेकंदांचा व्हिडिओ मिळतो, त्यांची सकाळ जाते. पूर्वी एका ट्रिपला शेजारच्या बोटीतून टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या, आमच्या बोटवाल्याने काही न बोलता इंजिन बंद केलं, बांबू चिखलात रोवला आणि म्हणाला, "आता बसू इथंच." थवा गेला उडून तिकडे लांब. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही गप्प बसून राहिलो आणि काय झालं, त्यातले साठ-सत्तर पक्षी परत येऊन आमच्यापासून बऱ्यापैकी जवळ उतरले, आपणहून. त्यांचं ते गॅकगॅक, बदकांसारखं पण खोल आवाजातलं, मी तोपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं कारण आमची बोट कधी थांबलीच नव्हती.

थांबायचं कुठे हे पक्षीच सांगतात. डोकी पाण्यात आहेत तोवर सगळं ठीक. काहींनी माना वर केल्या म्हणजे त्यांनी तुम्हाला बघितलंय, इंजिन बंद करा. सगळे एकाच दिशेला चालायला लागले म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ गेलात, मागे घ्या. इतकं साधं आहे. आणि बोटवाला स्वतःहून थव्यात घालायला निघाला तर आपण सांगायचं, "दादा, लांबच थांबवा, आम्हाला घाई नाही." गिऱ्हाईकच उडवा म्हणतं म्हणून ते उडवतात, गिऱ्हाईक नको म्हणालं की तेही खूश, डिझेल वाचतं.

सीगलना शेव, गाठी टाकतात ते चालतं का?

नाही. तळलेलं खारट बेसन हे माशाकिड्यांवर जगणाऱ्या पक्ष्याचं खाणं नाही, आणि उरलेलं पाण्यात कुजतं, पिशवीही तिथेच पडते. फोटो छान येतो हे मान्य, तरी नाही.

फ्लेमिंगो सोडून काय दिसतं?

खरं तर हीच भिगवणची मजा आहे. इथली मराठी नावं एकदा कळली की पक्षी लक्षात ठेवावाच लागत नाही. थापट्या बघा, या बदकाची चोच गवंड्याच्या थापीसारखी पसरट, आणि चार-पाच जण एकत्र गोल गोल फिरून पाणी ढवळत खातात. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीला टोकाशी पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणजे हळदी-कुंकू, हा इथलाच, बाराही महिने राहणारा. वारकरी म्हणजे काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा लावलेला, घोळक्याने पोहणारा. शेकाट्याचे लाल काडीसारखे पाय बघितले की परत कधी चूक होत नाही. टिबुकली म्हणजे तुम्ही दुर्बीण लावेपर्यंत डुबकी मारून गायब होणारी ती छोटीशी.

चक्रवाक दिसतात, नारिंगी रंगाची मोठी बदकं, बहुतेक जोडीने. संस्कृत काव्यात रात्री ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारणारं जोडपं ते हेच. विरहाचं माहीत नाही पण आवाज मात्र खरंच लांबून हाक मारल्यासारखा येतो.

पट्टकादंब हंस दिसले तर नशीब समजा. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. हे तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. आणि एवढं करून येतात आणि आपल्या शेतातलं कोवळं हिरवं चरत बसतात. दिवसा पाण्याकाठी आराम करताना थवा सापडतो.

शिवाय चमचे, काळे-पांढरे शराटी, राखी आणि जांभळे बगळे, नदी सुरय, कुरव (म्हणजेच सीगल), दलदलीवर घिरट्या घालणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी, ब्राह्मणी घारी. एका सकाळी पन्नास-साठ जाती सहज होतात, त्यातल्या अर्ध्या काठावरच्या झाडाझुडपांत.

आम्हाला गुलाबी फ्लेमिंगो झाडावर बसलेला दिसला!

तो चित्रबलाक. फ्लेमिंगो झाडावर बसत नाही. चित्रबलाकाच्या शेपटीजवळ गुलाबी रंग असतो म्हणून नवीन माणसाची हमखास गल्लत होते. चोच बघा, लांब, पिवळी, टोकाशी किंचित वळलेली म्हणजे चित्रबलाक; मध्येच मोडल्यासारखी खाली वाकलेली म्हणजे फ्लेमिंगो. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावात चित्रबलाकांची घरट्यांची वसाहत असते. तिथे गेलात तर रस्त्यावरूनच बघा, घरट्यांच्या झाडांखाली जायचं नाही. आईबाप उठून गेले की पिल्लं उन्हात आणि कावळ्यांच्या तोंडी.

फोटोत एवढे गुलाबी असतात, आम्हाला तर मळकट पांढरे दिसले, असं का?

दोन कारणं. भिगवणला येतो तो मोठा फ्लेमिंगो, तो मुळातच फिकट असतो, मुंबईच्या ठाणे खाडीत जे गडद गुलाबी थवे दिसतात ते बरेचसे छोट्या फ्लेमिंगोचे. आणि रंग येतो तो खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे, त्यामुळे लहान वयाचे पक्षी करडे-तपकिरी असतात, गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. तिसरं कारण म्हणजे फोटोवाल्यांचा सॅच्युरेशनचा स्लायडर, ते मी मोजत नाही.

डिसेंबरच्या आधी गेलो होतो, सगळी बदकं तपकिरी आणि सारखीच. पुस्तकातले रंगीत नर कुठे गेले?

तुमच्यासमोरच होते, ओळखू येत नव्हते इतकंच. विणीनंतर नर बदकांची भपकेबाज पिसं गळतात आणि काही महिने ते मादीसारखेच दिसतात. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती अशी साध्या कपड्यातच येतात आणि थंडीत हळूहळू रंग चढतो. तोवर रंग सोडा, चोचीचा आकार बघा, थापट्याची थापी बारा महिने थापीच असते.

काळ्या डोक्याचा कुरव म्हणतात, पण याचं डोकं तर पांढरं आहे?

वरच्यासारखंच, हा हिवाळी पोशाख. थंडीत डोकं पांढरं आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका राहतो, मार्चच्या सुमाराला जाता जाता परत टोपी चढते. अडचण अशी की तपकिरी डोक्याच्या कुरवालाही थंडीत तसाच ठिपका असतो आणि भिगवणला दोघंही एकत्र असतात. मग काय बघायचं? तपकिरीवाला आकाराने जरा मोठा, त्याचा डोळा फिकट आणि उडताना पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके. काळ्यावाल्याचा डोळा गडद आणि पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी. बोट हलत असताना डोळ्याचा रंग कसा बघणार म्हणाल तर खरंय, फोटो काढा आणि घरी झूम करा.

दुर्बीण कुठली घेऊ?

८ बाय ४२. आठ म्हणजे किती पट मोठं दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घ्यावीशी वाटते सगळ्यांना, पण हलत्या बोटीत दहा पट म्हणजे हाताची थरथरही दहा पट. पहिल्याच ट्रिपसाठी विकत घेऊ नका, कुणाची तरी मागून घ्या.

फक्त मोबाईल आहे, फोटो येतील?

एका पक्ष्याचा नाही येणार, थव्याचा आणि पाण्याचा येईल. झूम करून पिक्सेल मोजण्यापेक्षा बघा. कॅमेरा असेल तर बोटवाल्याला सांगा "ऊन पाठीमागे राहील असं घ्या", निम्मं काम तिथेच होतं.

ड्रोन आणलाय, किंवा मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवला तर?

दोन्ही नको. ड्रोन त्यांना शिकारी पक्ष्यासारखा वाटतो, अख्खा थवा उठतो. कारण वर उडवण्याच्या प्रश्नात दिलंय.

लहान मुलं आणि आजी-आजोबांना आणू का?

आणा की. पण दोन गोष्टी. पाणी खाली गेलं की बोटीपर्यंत चिखलातून किंवा ओबडधोबड काठावरून चालावं लागतं, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी बोटवाल्याला विचारा की चढायला नीट जागा कुठे आहे. आणि मुलांना दोन तास "गप्प बसा" सांगण्यापेक्षा काम द्या, वर दिलेल्या नावांमधली पाच शोधायला सांगा. माझी भाची सहा वर्षांची असताना तिने थापट्या माझ्या आधी ओळखला होता आणि आता दहावीत गेली तरी ते ऐकवते.

जेवणाचं काय? आम्ही व्हेज आहोत.

कुंभारगावात घरगुती जेवण मिळतं, आधी सांगावं लागतं. उजनीची चिलापी आणि मरळ खाणाऱ्यांसाठी तर पक्षी हा बहाणा असतो. व्हेजवाल्यांना पिठलं-भाकरी, भरलं वांगं, ठेचा. भाकरी चुलीवरची असते, पुण्यात परत आल्यावर तीच आठवते.

टॉयलेट?

होमस्टेमध्ये. बोटीत बसायच्या आधी जाऊन या, मध्ये काही सोय नाही.

शंभर किलोमीटर नको, पुण्याजवळ काही आहे का?

कवडीपाट. सोलापूर रोडवरच, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बांध. थंडीत चक्रवाक, थापटे, शेकाटे, शराटी, धोबी, नदी सुरय सगळे दिसतात आणि पाण्याच्या अगदी जवळून दिसतात, नवशिक्याने भिगवणच्या आधी दोन रविवार इथे घालवावेत असं मी म्हणेन. फुकट, बोट नको, नऊला घरी परत.

फक्त वास. आणि कचरा. बांधाला अडकलेल्या पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, फेस, आणि त्यातून ऐटीत चालणारा शेकाट्या. पाण्यात पाय घालू नका, बांध शेवाळाने निसरडा असतो.

इतक्या घाण पाण्यात पक्षी येतातच कसे? मग पाणी तितकं वाईट नसेल ना?

वाईट आहे. सांडपाण्यातल्या घटकांमुळे शेवाळ, अळ्या, गोगलगायी भरपूर वाढतात, पाणी उथळ असतं, म्हणून जे पक्षी असल्या पाण्यात टिकतात ते खायला येतात. न टिकणारे येत नाहीत, आणि न आलेला पक्षी आपल्याला दिसत नाही म्हणून आपण खूश. बरं, कवडीला बांधावरून सुटलेली बाटली जाते कुठे? मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीत. म्हणजे कोथरूडच्या बेसिनमधलं पाणी आपल्या आधीच भिगवणला पोचलेलं असतं.

पायात रिंग किंवा गळ्यात पट्टा असलेला पक्षी दिसला, काय करू?

आधी फोटो. मग लिहून ठेवा: रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, कुठल्या पायात, जागा, तारीख. ही माहिती मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा, ही १८८३ पासूनची संस्था पक्ष्यांना रिंग घालण्याचं काम करते. हंसांच्या गळ्यातले पट्टे बऱ्याचदा मंगोलियात घातलेले असतात, आणि तुमच्या एका फोटोवरून त्या पक्ष्याचा अख्खा प्रवास जोडला जातो.

जाळ्यात किंवा मांजात अडकलेला पक्षी सापडला तर?

वनखात्याची हेल्पलाइन १९२६. तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाणी पाजू नका, खायला घालू नका. बगळा किंवा करकोचा असेल तर तोंड लांब ठेवा, ते सरळ डोळ्यावर चोच मारतात. मच्छीमाराच्या जाळ्यात असेल तर आपण जाळं कापू नका, ते त्याचं पोट आहे, त्याला हाक मारा, तो आपल्यापेक्षा पटकन सोडवतो.

दिसलेल्या पक्ष्यांची यादी कुठे टाकायची? आम्हाला गणनेत भाग घेता येईल?

ईबर्ड ॲपवर. मराठी नावं सेटिंगमध्ये मिळतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे, आणि फेब्रुवारीत चार दिवसांची बॅकयार्ड बर्ड काउंट. नवीन लोकांसाठी ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह बरा, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, तेव्हा ठिकठिकाणी फुकट फेऱ्या असतात. मोजता येत नाही म्हणून लाजू नका. मोठा थवा दिसला की दहा पक्षी मोजायचे, ती दहाची जागा डोळ्यांत धरायची आणि अशा किती जागा बसतात ते बघायचं.

एकाच दिवसात माळरानही करता येईल का?

करता येईल. इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीची माळरानं आहेत, चिंकारा, भोवत्ये, चंडोल, नशीब असेल तर लांडगा. वनखात्याची ग्रासलँड सफारी आहे, बुकिंग ऑनलाइन, ते आधी करा. सकाळी बोट, दुपारी झोप, संध्याकाळी माळ. उलट करू नका, कारण वर निघायच्या वेळेच्या प्रश्नात दिलंय.

गेलो, तीन तास फिरलो, फ्लेमिंगो दिसलेच नाहीत. पैसे वाया गेले.

आधी सांगा, उजनी किती टक्के होतं? नव्वद म्हणालात तर वरचा दुसरा प्रश्न वाचून निघायला हवं होतं. वीस होतं आणि तरी नाही दिसले, तर ते बॅकवॉटरच्या दुसऱ्या टोकाला असतील, डाळज-पळसदेवच्या बाजूला, थवे जागा बदलतात. पाणी फारच खाली असेल तर पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडतं, आम्ही एका एप्रिलमध्ये फ्लेमिंगो न सापडल्याने वैतागून तिकडे गेलो, तर त्याच्या शिखरावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते, ओळीने, घरच्या गच्चीवर बसावं तसे. फ्लेमिंगो त्या दिवशी शेवटपर्यंत दिसले नाहीत.